कागदाचें बळ आणि त्याची यांत्रिक परीक्षा

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत एक समजूत दृढ आहे. मूळ कागद नाशवंत, छापील ग्रंथ चिरस्थायी. सबब मुळाची नक्कल होऊन ती एकदां छापून निघाली म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, अशी ती समजूत होय. वाळवी, कसर, पाऊस, आग आणि घरच्या माणसांची अनास्था यांनीं मूळ दफ्तरांचा जो संहार केला आहे तो पाहतां ही समजूत अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं. परंतु कागद या पदार्थाच्या दृष्टीनें पाहिलें तर ती बहुतांशीं उलटी आहे. पेशवाईंतील रुमालांत बांधलेलें हातकागदाचें पत्र आज उलगडलें असतां पुष्कळदां घडीवर न तुटतां उलगडतें; आणि तसल्याच पत्रांच्या नकला ज्या खंडांत शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं छापल्या, त्या खंडांचें पान उलटतांना कोपरा हातांत येतो. असें कां व्हावें, आणि जें आज धड दिसतें तें पुढें किती टिकेल, हे प्रश्न मतांचे नव्हेत, मोजमापाचे आहेत. तें मोजमाप प्रयोगशाळेंत कसें करतात, त्यावरून काय ठरतें व काय ठरत नाहीं, आणि संग्राहकांनीं त्यापासून कोणता बोध घ्यावा, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पदार्थाची परीक्षा करून मग त्यावर विश्वास टाकावा, ही कल्पना आपणांस नवी नाहीं. सोन्याची परीक्षा घांसून, कापून, तापवून आणि ठोकून करावी, असें संस्कृत सुभाषितकार सांगत आले आहेत. या चारांपैकीं कापणें व ठोकणें या आजच्या भाषेंत यांत्रिक परीक्षाच होत. परंतु त्यांचा निर्णय परीक्षकाच्या डोळ्यावर आणि हातावर अवलंबून असे. त्याला आंकडा नव्हता. हॉलंडांतील मुसेनब्रुक यानें इ. स. १७२९ मध्यें लांकूड, धातु इत्यादि पदार्थ तोडण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हांपासून आंकड्यांची परंपरा दिसूं लागते. तिला शास्त्राची शिस्त आली ती मात्र पुढच्या शतकांत, लोखंडाच्या निमित्तानें.

स्कॉटलंडांत इ. स. १८२० मध्यें जन्मलेला डेव्हिड कर्काल्डी हा ग्लासगो येथील रॉबर्ट नेपियर यांच्या कारखान्यांत नोकरीस होता. १८५८ पासून १८६१ पर्यंत त्यानें घडीव लोखंड व पोलाद यांचे पुष्कळ नमुने ताणून तोडले आणि १८६२ मध्यें त्यांचे आंकडे ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. पुढें १८६६ मध्यें त्यानें लंडनच्या सदर्क भागांत स्वतःची परीक्षणशाळा उघडली. ती १८७४ मध्यें त्याच भागांतील नव्या इमारतींत गेली. तेथील यंत्र सुमारें ४७ फूट लांब व ११६ टन वजनाचें असून दहा लक्ष पौंडांपर्यंत ताण देण्याची त्याची शक्ति होती. तें आजही जतन करून ठेवलेलें आहे. इमारतीच्या दारावर जें बोधवाक्य कोरलेलें आहे त्याचा अर्थ ‘वस्तुस्थिति, मतें नव्हेत’ असा होतो. निराधार कांहीं लिहिणार नाहीं, अशी जी प्रतिज्ञा मल्लिनाथानें टीका लिहितांना केली, तिचेंच हें लोखंडी रूप म्हणावयास हरकत नाहीं. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्रीं टे नदीवरील पूल आगगाडीसह कोसळून गाडींतील सर्व माणसें प्राणास मुकलीं, तेव्हां चौकशीच्या कामीं पुलाच्या भग्नावशेषांतील लोखंडाचे तुकडे याच कर्काल्डीकडे आले. खांबांचे तिरपे पट्टे ज्या ओतीव कानांना जोडलेले होते, ते कान अपेक्षेपेक्षां पुष्कळच कमी भारास तुटतात, असें त्याच्या यंत्रानें दाखविलें.

आमच्या विषयास कर्काल्डीची एक गोष्ट विशेष उपयोगी आहे. नमुना किती भाराला तुटला एवढ्यावरून लोखंडाची प्रत ठरत नाहीं, हें त्यानें १८६२ च्या ग्रंथांतच सांगितलें. तुटण्यापूर्वीं तो किती लांबला व तुटलेल्या जागीं किती आकसला, हेंही पाहिलें पाहिजे. पुष्कळ भार सोसून कांचेसारखें एकदम तुटणारें लोखंड, कमी भाराला पण वांकून-लांबून तुटणाऱ्या लोखंडापेक्षां अधिक धोक्याचें असूं शकतें. बळ निराळें आणि चिवटपणा निराळा. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कागदाचें सर्व रहस्य त्यांत आहे.

धातूंच्या परीक्षणशाळेंत कागदाचा प्रवेश जर्मनींत झाला. बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथें सरकारी यांत्रिक परीक्षणशाळा होती. आडोल्फ मार्टेन्स हा १८८४ मध्यें तिचा प्रमुख झाला. पोलादाच्या एका कठीण अवस्थेला ‘मार्टेन्साइट’ हें नांव त्याच्यावरूनच पडलें आहे. त्याच वर्षीं तेथें कागदाच्या परीक्षेचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि सरकारी दफ्तरासाठीं कोणता कागद वापरावा याचे नियम प्रशियाच्या सरकारनें १८८६ मध्यें ठरवून दिले. या विभागांतील विल्हेल्म हेर्झबेर्ग याचा कागदपरीक्षेवरील ग्रंथ १८८८ मध्यें बाहेर पडला. लोखंडाच्या कांबीसाठीं जी पद्धति घडली तीच कागदाच्या पट्टीला लावण्यांत आली. नमुन्याचा आकार ठराविक असावा, भार हळूहळू व सारख्या गतीनें वाढवावा, आणि जें घडलें तें आंकड्यांत लिहावें, ही ती पद्धति.

कागदाच्या मुख्य परीक्षा चार आहेत. पहिली ताणाची. १५ मिलिमीटर रुंद पट्टी दोन चिमट्यांत धरून ती तुटेपर्यंत ओढावयाची. भार किती लागला व पट्टी किती लांबली, हे दोन आंकडे मिळतात. जाड व पातळ कागदांची तुलना करतां यावी म्हणून ‘भंगलांबी’ नांवाचें एक मजेदार माप काढलेलें आहे. पट्टी वरून टांगून ती इतकी लांब करीत न्यावी कीं, स्वतःच्याच वजनानें तुटावी. ती लांबी म्हणजे भंगलांबी. समजा, कागदाच्या एका चौरस मीटरचें वजन ८० ग्रॅम आहे. तर १५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीचें वजन दर मीटरला १.२ ग्रॅम होईल. ती पट्टी सहा किलोग्रॅम भाराला तुटली, तर तिची भंगलांबी ५००० मीटर. अशी पट्टी टांगावयास कोणता डोंगर पुरेल, हा विचार वाचकांनींच करावा!

दुसरी परीक्षा फोडण्याची. अमेरिकेंत जॉन मुलन यानें १८८७ मध्यें काढलेल्या यंत्रांत कागद एका वर्तुळाकार भोंकावर घट्ट धरतात आणि खालून रबराच्या पडद्यावर दाब देत जातात. कागद फुगतो व शेवटीं फुटतो, त्या वेळचा दाब नोंदतात. तिसरी परीक्षा फाडण्याची. कागदाला आधीं एक लहान चीर देऊन ती लंबकाच्या झोक्यानें पुढें फाडतात, आणि लंबकाची किती शक्ति खर्च झाली त्यावरून फाडण्याचा विरोध ठरवितात. चौथी परीक्षा घडीची, आणि संग्राहकांच्या दृष्टीनें हीच सर्वांत महत्त्वाची. पट्टीला थोडा ताण देऊन यंत्र तिला एकाच रेषेवर एकदां या बाजूस व एकदां त्या बाजूस दुमडीत राहतें. पट्टी तुटेपर्यंत किती दुहेरी घड्या झाल्या तें मोजतात. लाइपझिगच्या शोपर याचें यंत्र आणि अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशाळेच्या नांवानें ओळखलें जाणारें यंत्र, हीं दोन या कामीं प्रसिद्ध आहेत. दुसऱ्या यंत्रांत पट्टी दोन्ही बाजूंस १३५ अंशांपर्यंत वांकते. चिंध्यांच्या उत्तम कागदाच्या घड्या हजारांनीं मोजाव्या लागतात. जीर्ण कागद पहिल्या-दुसऱ्या घडीलाच तुटतो.

या आंकड्यांस अर्थ यावा म्हणून तीन पथ्यें पाळावीं लागतात. कागद हवेंतील ओलावा शोषून घेतो, आणि ओलाव्याबरोबर घड्यांची संख्या वाढते; पावसाळ्यांत परीक्षिलेला कागद उन्हाळ्यांतल्यापेक्षां उगीचच चिवट ठरेल. म्हणून परीक्षेची खोली २३ अंश उष्णतामान व ५० टक्के आर्द्रता अशी राखतात आणि नमुना तेथें आधीं ठेवून मग परीक्षा करतात. दुसरें, यंत्रावर केलेल्या कागदांत तंतु बहुधा यंत्राच्या गतीच्या दिशेनें लागतात. त्यामुळें उभ्या व आडव्या पट्टीचें बळ सारखें नसतें, आणि दोन्ही दिशांच्या पट्ट्या घ्याव्या लागतात. तिसरें, एका पट्टीवर निकाल कधींच देऊं नये. एकाच तावाच्या पट्ट्यांत, विशेषतः घडीच्या परीक्षेंत, फार फरक पडतो. म्हणून अनेक पट्ट्यांची सरासरी घेतात. एका पोथीच्या एका पाठावरून संहिता ठरवूं नये, हा जो पाठचिकित्सेचा नियम, तोच येथें लागू आहे.

आतां जीर्ण होणाऱ्या कागदाची हीं यंत्रें काय हकीकत सांगतात तें पाहूं. कागद जुना होत चालला म्हणजे ताणाचें बळ पुष्कळ काळ फारसें कमी होत नाहीं. फाडण्याचा विरोध त्यापेक्षां लवकर उतरतो. घडी सोसण्याची शक्ति मात्र सर्वांच्या आधीं व सर्वांत वेगानें नष्ट होते. म्हणजे पान दिसावयास शाबूत, ओढून पाहिलें तर बळकट, पण दुमडलें कीं तुटलें, अशी एक अवस्था येते. कर्काल्डीनें लोखंडाविषयीं सांगितलेला बळ आणि चिवटपणा यांमधील भेद तो हाच.

याचें कारण कागदाच्या घटनेंत आहे. कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचें जाळें. तंतूचा मुख्य पदार्थ सेल्युलोज असून त्याचे रेणू म्हणजे साखरेच्या कड्यांच्या लांबच लांब सांखळ्या होत. आम्लाच्या संसर्गानें या सांखळ्या मध्येंच तुटतात. सांखळी आंखूड झाली कीं तंतु ठिसूळ होतो. ताण पुष्कळ तंतूंवर वांटला जातो म्हणून पट्टी टिकते, पण घडीच्या रेषेवर तंतु वांकावयास लागतो, आणि तो वांकूं शकत नाहीं. हें आम्ल बहुधा बाहेरून येत नाहीं. कागद तयार करतांनाच तें त्यांत मिसळलेलें असतें. शाई फुटूं नये म्हणून कागदाला राळ व तुरटी देण्याची कृति जर्मनींतील मोरिट्झ इलिग यानें १८०७ मध्यें प्रसिद्ध केली, आणि ती यंत्राच्या कागदास सोयीची म्हणून सर्वत्र पसरली. कागदवाल्यांची तुरटी म्हणजे अल्युमिनियमचें सल्फेट. ओलाव्यांत त्यापासून आम्ल उत्पन्न होतें. पुढें १८४४ च्या सुमारास सॅक्सनींतील केलर यानें लांकूड घांसून लगदा करण्याची युक्ति काढली. त्या लगद्यांत लांकडांतील लिग्निन तसेंच राहतें. तें उजेडांत पिवळें पडतें व स्वतःही आम्ल निर्माण करतें. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनें कागदाच्या ऱ्हासाचा विचार करण्यास नेमलेल्या समितीनें कापूस, जवस व ताग-अंबाडीच्या जातीचे भांगेचे तंतु पहिल्या वर्गांत आणि घांसलेल्या लांकडाचा लगदा शेवटच्या वर्गांत घातला. त्या समितीचा अहवाल १८९८ चा. इतिहासाचार्य राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंडही १८९८ सालींच निघाला. म्हणजे आपल्याकडे मूळ साधनें छापण्याचा उद्योग जोरानें सुरू झाला तो नेमका छापण्याचा कागद जगभर निकृष्ट होत चालला असतांना.

या ऱ्हासाचा हिशेब यंत्रावर बसविला तो अमेरिकेंतील विल्यम बॅरो (१९०४–१९६७) यानें. तो व्हर्जिनिया संस्थानांतील रिचमंड येथें जुन्या कागदांची दुरुस्ती करणारा कारागीर. विद्यापीठांतला शास्त्रज्ञ नव्हे. १९०० ते १९४९ या अवधींत अमेरिकेंत छापलेलीं ५०० पुस्तकें घेऊन, दर दशकाला शंभर याप्रमाणें, त्यानें त्यांच्या पानांच्या घडीच्या व फाडण्याच्या परीक्षा केल्या. पुढील पन्नास वर्षांहून अधिक टिकेल असा कागद त्यांपैकीं अवघ्या तीन टक्के पुस्तकांत आढळला. हा निष्कर्ष १९५९ मध्यें प्रसिद्ध झाला, तेव्हां ग्रंथपालांची झोंप उडाली. भविष्य वर्तविण्यासाठीं बॅरो कागद १०० अंश उष्णतेच्या भट्टींत ७२ तास ठेवी आणि ती सुमारें २५ वर्षांच्या नैसर्गिक जीर्णतेची बरोबरी समजे. हें समीकरण आज कोणी अक्षरशः मानीत नाहीं; कारण कपाटांतला कागद कोरड्या भट्टींत नसतो. भट्टीवरून कोणता कागद आधीं मरेल हें बरेंच विश्वासानें सांगतां येतें. कोणत्या वर्षीं मरेल हें सांगतां येत नाहीं. परंतु आम्ल हाच मुख्य शत्रु, हा त्याचा सिद्धांत मात्र टिकला.

आतां आपल्या रुमालांकडे वळूं. जुन्नर, दौलताबादजवळील कागजीपुरा वगैरे ठिकाणचा हातकागद ताग-सणाच्या जुन्या दोऱ्या, गोणपाटें व रद्दी यांपासून होई. लगदा कुजवितांना व धुतांना चुना वापरीत. तावाला धान्याची खळ देत आणि गुळगुळीत दगडानें घोटीत. येथें तीन गोष्टी एकत्र आल्या. तंतु लांब व चिवट. खळींत तुरटी-राळ नाहीं. आणि चुन्याचा अंश कागदांत राहिल्यामुळें पुढें येणारें आम्ल जागच्या जागीं मारलें जाई. शिवाय मोडी पत्रें बहुधा काजळीच्या शाईनें लिहिलेलीं. काजळी कागदाला खात नाहीं. याच्या उलट हिराकस व मायफळ यांच्या लोहमिश्रित शाईनें लिहिलेले युरोपीय पद्धतीचे कागद पहावे. गोव्याच्या पोर्तुगीज दफ्तरांशीं ज्यांचा संबंध आला आहे त्यांना, अक्षराच्या जागीं कागद करपून जाळी पडलेली ठाऊक असेल. तसेंच चित्रांतील जंगालाचा हिरवा रंग कागद खातो. तेव्हां हातकागद म्हणून सर्व सुरक्षित असेंही समजूं नये. कागद, शाई, रंग आणि सांठवण या चारही गोष्टी पाहिल्या पाहिजेत.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो अप्रिय आहे, पण सांगितला पाहिजे. मूळ पत्र पुढें गहाळ झालें व आज केवळ छापील प्रतच उपलब्ध आहे, अशीं उदाहरणें आपल्या क्षेत्रांत थोडीं नाहींत. अशा वेळीं तो जुना खंड हेंच मूळ साधन होय. आणि तें आपल्या संग्रहांतील सर्वांत दुर्बल कागदावर आहे. संग्राहक पोथीला रेशमी बासन करतो, आणि खंड मात्र सुतळीनें बांधून माळ्यावर टाकतो. हा क्रम बदलला पाहिजे.

परीक्षेसंबंधीं एक सावधगिरीची सूचना. वर सांगितलेली प्रत्येक परीक्षा नमुन्याचा नाश करून होते. लोखंडाची कांब दुसरी मिळते; पत्राचा कोपरा दुसरा मिळत नाहीं. म्हणून मूळ पत्रांतून वा पोथींतून परीक्षेसाठीं पट्टी कापूं नये, मग तो समास कोरा कां असेना. कोपरा मागें-पुढें दुमडून किती घड्या सोसतो तें पाहण्याची जी हातपरीक्षा ग्रंथालयांत करीत आले आहेत, तीही मूळ कागदावर कदापि करूं नये. आम्ल दाखविणाऱ्या लेखणीचा डाग कायमचा असतो, हेंही विसरूं नये. परीक्षा करावयाचीच तर ज्या छापील पुस्तकाच्या दोन-तीन प्रति आहेत त्यांतील फाटकी प्रत त्या कामीं द्यावी. एका सालच्या एका प्रतीचा निकाल त्याच छपाईच्या इतर प्रतींस बहुधा लागू पडतो.

उपायांविषयीं थोडक्यांत. ठिसूळ झालेल्या छापील खंडांचीं प्रकाशचित्रें आधीं घ्यावीं, आणि ज्यांचें मूळ गेलें आहे त्यांना पहिला मान द्यावा. बांधणीसाठीं वर्तमानपत्राचा कागद, रद्दी पुठ्ठा व चिकटपट्टी वर्ज्य करावी. आम्लरहित कागदाचीं वेष्टनें वापरावीं. दुरुस्तीस जपानी पातळ कागद व गव्हाची खळ हें जोडकाम उत्तम, कारण तें पाण्यानें पुन्हां सुटतें. सेल्युलोज ॲसिटेटच्या पारदर्शक पातळ पडद्यांत पान दाबून बसविण्याची बॅरोची पद्धति एके काळीं फार वाखाणली गेली. तसें पान यंत्रावर बळकट ठरे यांत शंका नाहीं. परंतु तें बळ पडद्याचें, कागदाचें नव्हे. आम्ल आधीं काढलें नसेल तर आंत कागद मरतच राही, आणि पडदा सुखासुखीं निघत नसे. पुढें ती पद्धति बहुतेक ठिकाणीं सोडून देण्यांत आली. आंकडा खरा असूनही त्याचा अर्थ चुकीचा लागूं शकतो, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

शेवटीं, जे नवीन खंड आज छापले जात आहेत त्यांविषयीं. टिकाऊ कागद कशास म्हणावें याचें आंतरराष्ट्रीय मानक १९९४ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याचा क्रमांक ९७०६. त्याप्रमाणें कागदाचा पी. एच. अंक ७.५ ते १० असावा, येणारें आम्ल मारण्यास सुमारें दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटाइतका क्षाराचा सांठा असावा, लिग्निन जवळ जवळ नसावें, आणि ७० ग्रॅम वा त्याहून जड कागदाचा फाडण्याचा विरोध निदान ३५० मिलिन्यूटन असावा. ग्रंथाच्या एकंदर खर्चांत कागदाचा वाटा असतो हें खरें. पण संशोधकाचीं दहा वर्षें ज्या ग्रंथांत खर्ची पडलीं, तो पन्नास वर्षांत चुरा व्हावा हा हिशेब कोणत्याच व्यवहारांत बसत नाहीं. तेव्हां साधनग्रंथ छापणाऱ्या प्रत्येक संस्थेनें व गृहस्थानें छापखान्यास काम देतांना हा क्रमांक लिहून द्यावा, कारखान्याचा दाखला मागावा, आणि कोणत्या कागदावर ग्रंथ छापला तें ग्रंथाच्या मुखपृष्ठामागें नमूद करावें. आपल्या पूर्वजांच्या कागदांनीं आपल्याला अडीचशें वर्षांचा अवधि दिला. आपण पुढच्यांस त्याहून कमी देऊं नये, एवढीच आमची विनंति आहे.